शुद्धीचे पाणी : चवदार तळे ते नगरपालिकेचा नळ

१

मराठीत 'शुद्ध' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ सोवळ्याचा आहे. कुणी स्पर्श केला, कुणाची सावली पडली, कुणाच्या घागरीचे पाणी उडाले, यावर तो ठरतो. दुसरा अर्थ प्रयोगशाळेचा आहे. पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत की नाहीत, गढूळपणा किती, क्षार किती, यावर तो ठरतो. पहिल्या अर्थाने शुद्ध असलेले पाणी दुसऱ्या अर्थाने विष असू शकते. आणि दुसऱ्या अर्थाने निर्मळ असलेले पाणी पहिल्या अर्थाने बाटलेले ठरू शकते. आपल्याकडील पाण्याचा सामाजिक इतिहास म्हणजे या दोन अर्थांतील झगड्याचा इतिहास आहे, आणि हा झगडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो लहान शहरात, तालुक्याच्या गावात. तेथे विहीर आणि तळे मागे पडून नगरपालिकेचा नळ आला. पण तळ्याच्या काठावरची माणसे जशी राहत होती तशीच राहिली.

दलित चळवळीने पाण्याचा प्रश्न हक्काचा प्रश्न म्हणून मांडला, आणि ते योग्यच होते. परंतु हक्क मिळाल्यावर जे पाणी हाती येते ते कसे आहे, हा प्रश्न आपण बव्हंशी इंजिनिअरांवर सोपवून मोकळे झालो. पाण्याची गुणवत्ता हा तांत्रिक विषय आणि पाणवठा खुला करणे हा सामाजिक विषय, अशी वाटणी आपल्याही मनात घर करून बसली आहे. ही वाटणी खोटी आहे, हे इतिहासाच्या आधारे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सुरुवात महाडपासूनच केली पाहिजे. कारण महाडचा इतिहास आपण जितका सांगतो त्याहून अधिक काही सांगणारा आहे.

२

महाड हे सावित्री नदीच्या काठचे जुने व्यापारी गाव. खाडीची भरती गावापर्यंत चढत असे आणि होड्यांनी माल येत असे. अशा गावात गोड्या पाण्याच्या तळ्याला मोल असणार हे उघड आहे. चवदार तळे चार ते पाच एकरांचे. पावसाच्या आणि आतल्या झऱ्यांच्या पाण्यावर ते भरे. सभोवार नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरे. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नाही. हे सारे मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ सालच्या निकालपत्रात नोंदलेले आहे.

त्याच निकालपत्रात आणखी एक नोंद आहे आणि तिच्याकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १८९९ साली महाडच्या सवर्णांसाठी पिण्याच्या शुद्ध पाण्याची नगरपालिकेतर्फे दुसरीकडे सोय झाली. तेव्हापासून चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी फारसे वापरले जात नव्हते. धुण्याभांड्याला व इतर घरकामाला सवर्ण आणि मुसलमान ते वापरीत.

या नोंदीचा अर्थ नीट लावला पाहिजे. १९२७ साली ज्या पाण्यासाठी अस्पृश्यांची डोकी फुटली ते पाणी सवर्णांनी पिण्यासाठी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच जवळजवळ सोडून दिलेले होते. त्यांनी स्वतःसाठी अधिक चांगले पाणी मिळवले होते, तेही नगरपालिकेच्या म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेतून. मग तळ्यावर ते राखत काय होते? पाणी खचित राखत नव्हते. ते राखत होते पायरी. जे आपल्याला पिण्यासाठी नको तेही त्यांना मिळता कामा नये, ही त्यामागची वृत्ती होती. आणि नवी सोय झाली तिच्यात अस्पृश्यांचा वाटा नव्हता. म्हणजे महाडात नगरपालिकेच्या शुद्ध पाण्याचा जन्मच जातीच्या यादीप्रमाणे झाला. तळ्याच्या बाबतीत निदान 'अनादि वहिवाटी'चा दावा तरी करता येत होता. १८९९ सालच्या सोयीला कसली वहिवाट होती? ती तर आधुनिक काळातली, नगरपालिकेच्या ठरावाने आणि नगरपालिकेच्या तिजोरीतून झालेली गोष्ट होती. जुन्या रूढीतून विषमता येते आणि नव्या सुधारणेतून समता येते, असे जे आपल्याला शाळेत शिकवले जाते त्याला महाडचा हा एवढा दाखला पुरे आहे.

३

पुढील घटनाक्रम वाचकांना ठाऊक आहे. तो थोडक्यात नोंदवतो. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने त्याच्या अंमलबजावणीचा हुकूम काढला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा पुरोगामी कार्यकर्ता तेथे होता. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जाण्याची कुणाची हिंमत नव्हती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे. गावात चार-पाच एकरांचे तळे भरलेले, ते खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव झालेला, आणि तहानलेल्या माणसांनी पाणी विकत घ्यायचे. २० मार्चला अनंतराव चित्रे यांच्या सूचनेवरून परिषद तळ्याकडे निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग हजारोंनी घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी आवई उठवून सनातन्यांनी परतणाऱ्या माणसांवर, बायकामुलांवर हल्ले केले.

आणि मग तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात रिकाम्या करण्यात आल्या. तळे शुद्ध झाले असे जाहीर झाले.

येथे क्षणभर थांबून पहिल्या परिच्छेदातील दोन अर्थ समोरासमोर ठेवू. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आणि पटकीचे मृत्यू यांचा संबंध दाखवून दिला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात, पटकीचा जंतू दाखवला होता. विष्ठा पाण्यात मिसळणे हे रोगाचे कारण आहे, ही गोष्ट १९२७ साली नवी नव्हती. ती गोष्ट मान्य होती म्हणून तर देशभर नगरपालिका शुद्ध पाण्याच्या योजना आखत होत्या, म्हणून तर महाडच्या सवर्णांना १८९९ साली पिण्यासाठी दुसरे पाणी मिळाले होते. आजच्या प्रयोगशाळेत पाणी पिण्यायोग्य नाही हे ठरवण्याची पहिली खूण कोणती? माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणारे आणि त्यांच्या विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू. म्हणजे सनातन्यांनी १०८ घागरींतून तळ्यात जे ओतले त्यातील शेण हे शास्त्राच्या भाषेत प्रदूषणच होते. माणसाच्या ओंजळीने तळे बाटले आणि जनावराच्या शेणाने ते शुद्ध झाले, असा हा हिशेब.

हा केवळ अडाणीपणा होता असे समजून हसण्यावारी नेणे चूक ठरेल. पिण्यासाठी वेगळे पाणी आणि तळ्यासाठी पंचगव्य, असे दोन्ही हिशेब हा वर्ग एकाच वेळी सांभाळत होता. स्वतःच्या पोटात जाणाऱ्या पाण्याला त्याने शास्त्राचा नियम लावला आणि समाजातील पायरी राखण्याला सोवळ्याचा. अज्ञान असते तर दोन्हीकडे शेणच गेले असते. म्हणून 'शिक्षण वाढले की हे सारे आपोआप जाईल' हा आशावाद महाडने तेव्हाच निकालात काढला होता.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला खुलेपणाचा ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली तेव्हा काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. कोर्टाचा मान राखून तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करण्यात आला. दावा महाडच्या कोर्टात ८ जून १९३१ रोजी फेटाळला गेला, ठाण्याच्या कोर्टात १९३३च्या जानेवारीत अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही, असा तो निकाल होता. ओंजळभर पाण्याचा कायदेशीर हक्क सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

४

तळे आणि विहीर उघड्यावर असतात. तेथे कोण उतरला हे दिसते, म्हणून तेथे संघर्षही दिसतो. नळाचे तसे नाही. नळ आला तेव्हा अनेक सुधारकांना वाटले की हे यंत्रच जातिभेद धुऊन टाकील. पाणी लोखंडाच्या नळीतून येते. ते कुणाच्या हाताने भरलेले नाही. नळीला जात कळत नाही. युक्तिवाद आकर्षक होता. पण त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या बालपणातच मिळते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींचे लेखन १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यात साताऱ्याच्या काळातील शाळेची आठवण आहे. शाळेत नळ होता. इतर मुले जाऊन चावी फिरवीत आणि पाणी पीत. भीमरावांना मात्र नळाला हात लावता येत नसे. शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी. शिपाई रजेवर असला तर दिवसभर तहान.

नळीला जात कळत नव्हती हे खरे. पण चावी फिरवणाऱ्या हाताला कळत होती. यंत्र आले तेव्हा त्याच्याबरोबर यंत्रावर ताबा असणारा माणूसही आला, आणि तो माणूस समाजातून आला. पाण्याच्या आधुनिक व्यवस्थेचे सार या आठवणीत आहे. पाणी कुणाच्या हातातून सुटते आणि कुणाच्या हातातून बंद होते, हे पाहिल्याशिवाय पाण्याचा इतिहास लिहिता येत नाही.

त्याच लेखनात १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर बाबासाहेबांच्या सोबतच्या मंडळींनी प्रवासाची धूळ धुतली, तेव्हा तेथील मुसलमानांनी हौद बाटवल्याचा गिल्ला केला. जो हिंदू धर्मात नाही त्याच्याही मनात हिंदू समाजाचे सोवळे शिरले होते. 'शुद्ध'चा पहिला अर्थ हवेसारखा पसरलेला होता. तो एका जातीचा किंवा एका धर्माचा राहिला नव्हता.

याच्या उलट दिशेने झालेले प्रयत्नही नोंदले पाहिजेत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता न पाळण्याचे हुकूम काढले. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ महाराष्ट्रभर नेली. म्हणजे संविधान लागू होऊन बावीस वर्षे झाल्यावरही एका गावाचा पाणवठा एक असावा यासाठी चळवळ करावी लागत होती. आणि २०१६ साली वाशिम जिल्ह्यातील कळंबेश्वर येथे पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले म्हणून एका दलित मजुराने एकट्याने विहीर खोदली. वर्तमानपत्रांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. नकार देणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कौतुकात बुडाला.

५

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५ ने विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांच्या वापरातील भेदभावाला बंदी केली. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ साली त्याचे नागरी हक्क संरक्षण कायदा असे नामांतर होऊन तो कडक झाला. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. या सर्व कायद्यांत एक माणूस गृहीत धरलेला आहे. तो अडवणारा माणूस, विहिरीवर उभा राहून 'उतरू नकोस' म्हणणारा. त्याला पकडता येते, त्याच्यावर फिर्याद करता येते.

पण लहान शहराच्या नळयोजनेत अडवणारा माणूस दिसत नाही. तेथे नकाशा अडवतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी नळाचे पाणी येते कसे ते थोडे पाहिले पाहिजे.

नदीतून किंवा धरणातून पाणी उपसून फिल्टर हाऊसला आणतात. तेथे तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन वायू किंवा ब्लीचिंग पावडर, जिला आपल्याकडे सगळे टीसीएल म्हणतात, ती मिसळतात. क्लोरीनला काम करायला निदान अर्धा तास मिळाला पाहिजे, आणि काम संपवून थोडा क्लोरीन शिल्लकही उरला पाहिजे. घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा असे भारतीय मानक सांगते. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेतला पहारेकरी. नळीत कुठे घाण शिरली तर तो तिच्याशी लढतो. पाणी गढूळ असेल तर तो लढण्याआधीच खर्ची पडतो. पावडर उघड्या पोत्यात पडून राहिली असेल तर तिच्यात लढण्याची ताकदच उरत नाही.

यानंतर पाणी उंच टाकीत चढते आणि तेथून व्हॉल्व्ह उघडेल तसे भागाभागात जाते. आपल्या बहुतेक लहान शहरांत ते चोवीस तास येत नाही. रोज तासभर, एक दिवसाआड, उन्हाळ्यात चार-आठ दिवसांनी येते. पाणी वाहत असते तोवर नळीत दाब असतो आणि फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब जातो, नळी पोकळ होते आणि त्याच फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. नळी गटारातून गेली असेल तर गटार आत येते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते तेव्हा पहिल्या धारेला जे काळपट, वासाचे पाणी येते ते तेच.

आता प्रश्न असा की गटारातून जाणारी नळी कुणाच्या वस्तीची असते? योजनेच्या शेपटाला कुणाची घरे असतात? जुन्या गावठाणाची रचना आपल्याला ठाऊक आहे. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा गावकुसाबाहेर, बहुधा गावाचे सांडपाणी उतरते त्या अंगाला. शहर वाढले, गावकूस पडले. पण नळ्या टाकताना इंजिनिअर चौकातून, पेठेतून, बाजारातून निघाला आणि वस्तीपर्यंत पोहोचेतो नळी दोन इंचांची झाली. शेपटाला दाब सर्वांत कमी, पाणी सर्वांत कमी वेळ, आणि शिल्लक क्लोरीनही सर्वांत कमी. कारण वाटेत तो खर्च झालेला असतो. दाब कमी म्हणून लोक खड्डा खणून नळ खाली घेतात. त्या खड्ड्यात सांडपाणी साचते आणि पाणी बंद झाले की तेच नळीत जाते. मग नगरपालिका म्हणते, लोकच अस्वच्छ आहेत. पूर्वी वस्ती अपवित्र म्हणून पाणी नाकारले जाई. आता पाणी नाकारल्यामुळे वस्ती घाण राहते, आणि घाण आहे म्हणून दोष वस्तीचा.

यात कुणी 'उतरू नकोस' म्हटलेले नाही. कुणावर फिर्याद करणार? नकाशावर? १९५५चा कायदा येथे हतबल आहे. स्पर्शाची अस्पृश्यता दंडनीय झाली. नळीच्या व्यासाची आणि व्हॉल्व्हच्या वेळापत्रकाची अस्पृश्यता दंडनीय नाही.

६

दूषित नळाचे पाणी काय करू शकते याचे देशातील मोठे उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलून शहराचे सांडपाणी पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे सरकले. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली. क्लोरीनचे प्रमाण वाढवल्यामुळे विषमज्वराची लाट आली नाही. कावीळ मात्र थोपवता आली नाही. १९८०नंतरच्या संशोधनातून ती कावीळ आज हेपॅटायटिस ई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाणूची होती हे कळले. हा विषाणू गरोदर स्त्रियांना विशेष घातक असतो. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली नळाच्या दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. शहर कापडाचे, मजुरांचे, नदी पंचगंगा.

हे दाखले मोठ्या साथींचे आहेत, म्हणून ते नोंदले गेले. लहान शहराच्या शेपटाकडील वस्तीत दर पावसाळ्यात हगवण, कावीळ, विषमज्वर येतो आणि जातो. चार दिवसांची मजुरी बुडते, मूल अशक्त होते, शाळा सुटते. त्याची साथ म्हणून नोंद होत नाही. क्लोरीन जंतू मारतो; पण फ्लोराइड, नायट्रेट किंवा कारखान्याची रसायने त्याने जात नाहीत. यवतमाळ-चंद्रपूर भागात भूजलातील फ्लोराइडने माणसांची हाडे वाकवली. महाडजवळ रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली महाराष्ट्रातील ५३ नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदले, त्यांत सावित्रीही होती. ज्या गावाने एका ओंजळीने तळे बाटले म्हणून दंगल केली त्या गावाजवळची नदी प्रदूषितांच्या यादीत गेली तेव्हा पंचगव्याच्या घागरी घेऊन कुणी काठावर आले नाही. भांडवलाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, असे आपल्या धर्मशास्त्राचे मत दिसते.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, क्रमांक १०५००, प्रथम १९८३ साली आले; १९९१ व २०१२ साली सुधारले गेले. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळू नये असे ते म्हणते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे मानले. तरीही नगरपालिकेच्या नळाला हे मानक सक्तीचे झाले नाही. याउलट बाटलीबंद पाण्याला २००१ साली मानकाचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले आणि ते २०२४ पर्यंत सक्तीचे होते. विकत घेणाऱ्याच्या पाण्याला सक्ती आणि नळावर रांग लावणाऱ्याच्या पाण्याला मार्गदर्शन, असा हा न्याय होता.

आणि येथेच १८९९ सालचे महाड पुन्हा समोर येते. आज तालुक्याच्या गावात जरा पैसा असलेल्या प्रत्येक घरी गाळणयंत्र बसले आहे. नाही तर वीस लिटरचा जार दारात येतो. नगरसेवक, मुख्याधिकारी, डॉक्टर, शिक्षक, पत्रकार यांच्यापैकी नळाचे पाणी तसेच पिणारा किती जण सापडेल? नळ त्यांना धुण्याभांड्यापुरता उरला आहे. चवदार तळे सवर्णांना १८९९ नंतर तसेच उरले होते. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी सार्वजनिक पाणी पिणे सोडले, की ते पाणी सुधारावे असे वाटणारा बलवान माणूस शहरात राहत नाही. ताबा मात्र त्यांचाच राहतो. ठेका कुणाला, नवी टाकी कोठे, व्हॉल्व्ह आधी कुठला उघडायचा, हे तेच ठरवतात. आणि वस्तीतील माणसाने पाणी कसे मिळवायचे? जार विकत घेऊन. चाळीस रुपयांचे पाणी विकत घेणाऱ्या १९२७च्या परिषदेचीच ही परंपरा आहे. फरक इतकाच की आता ती रोजची झाली आहे आणि तिला बाजार म्हणतात.

हेही विसरता कामा नये की शहराचे गटार उपसणारे, चेंबरमध्ये उतरणारे, फुटलेल्या नळीजवळचा चिखल काढणारे हात कुणाचे असतात. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध झाले, तरी गटारात उतरून माणसे मरत राहिली. शहराचे पाणी निर्मळ राखण्याचे काम ज्यांच्या माथी, त्यांच्याच वस्तीच्या नळाला शेवटचे पाणी.

७

आपल्यापैकी काही मित्र म्हणतील, महाडचा संगर पाण्यासाठी नव्हताच, तो माणुसकीसाठी होता. चळवळीने क्लोरीन आणि नळीच्या व्यासापर्यंत खाली उतरावे का? चवदार तळ्याचे पाणी प्याल्याशिवाय आपण मरणार होतो असे नाही, समतेचा पाया घालण्यासाठी आपण तेथे गेलो, हे बाबासाहेबांनीच दुसऱ्या परिषदेत बजावले होते, हे खरे आहे. पण समता हा शब्द हवेत राहत नाही. तिला माप लागते. तळ्याच्या काळी तिचे माप ओंजळ होते. नळाच्या काळी तिचे माप दाब, तास आणि मिलिग्रॅम हे आहे. पेठेतील नळाला आणि वस्तीतील नळाला एकाच दिवशी, एकाच दाबाने, एकाच गुणाचे पाणी येते का, हा आजचा चवदार तळ्याचा प्रश्न आहे. जो कार्यकर्ता हे माप हाती घेत नाही तो २० मार्चला महाडला जाऊन अभिवादन करील, पण परतल्यावर आपल्या वस्तीच्या नळाजवळ काय करायचे हे त्याला सुचणार नाही.

आणि करण्यासारखे पुष्कळ आहे. त्याला विद्वत्ता लागत नाही. शिल्लक क्लोरीन तपासण्याचे साधे साधन मिळते. पाण्यात थेंब टाकले की ते पिवळे होते आणि रंगावरून प्रमाण कळते. शाळेतील विज्ञानशिक्षक ते मुलांकडून करवून घेऊ शकतो. फिल्टर हाऊसच्या नळाचे पाणी तपासून समाधान मानू नये. वस्तीतील अगदी शेवटच्या नळाचे, पाणी सुटल्यावर पहिल्या धारेचे आणि नंतरचे, असे दोन्ही नमुने घ्यावेत. आठवड्यामागून आठवडा तारीखवार नोंद ठेवावी. एका दिवसाच्या नोंदीला अपघात म्हणता येते, सहा महिन्यांच्या नोंदीला म्हणता येत नाही. पेठेतील एका नळाची नोंद शेजारी ठेवावी, म्हणजे भेद आकड्यांत दिसेल. कोणती नळी कोणत्या गटारातून जाते याचा नकाशा वस्तीतील बायकांना विचारून काढावा. नगरपालिकेकडे नसलेली माहिती त्यांच्याकडे असते, कारण पहिली धार कोणत्या रंगाची येते ते त्याच रोज पाहतात. नगरपालिका पाण्याचे नमुने कोणत्या भागातून घेते, वर्षात वस्तीतून किती घेतले, त्यांचे निकाल काय आले, हे २००५च्या माहिती अधिकार कायद्याने लेखी मागावे. वस्ती सुधारणेचा निधी कमानीवर आणि सभामंडपावर खर्च होत असेल तर त्याआधी गटारातील नळी बाहेर काढा, असा ठराव वस्तीने करावा.

विद्यार्थ्यांनी आपापल्या शहराच्या नळयोजनेचा इतिहास लिहावा. योजना कोणत्या साली आली, पहिली नळी कोणत्या आळीतून गेली, वस्तीत सार्वजनिक नळ कधी आला, घरोघर नळ कधी आले, हे नगरपालिकेच्या जुन्या ठरावबुकांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहे. महाडचा १८९९ सालचा तपशील आपल्याला मिळाला तो खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला म्हणून. ज्या शेकडो शहरांचा खटला झालाच नाही त्यांचा १८९९ शोधून काढणे हे आपल्या संशोधनाचे काम आहे. दुसरे कुणी ते करणार नाही.

'शुद्ध' या शब्दाचा पहिला अर्थ कायद्याने मेला, पण व्यवहारात त्याने दुसऱ्या अर्थाचा पोशाख चढवला आहे. ज्यांना पूर्वी पाण्याला हात लावू दिला जात नव्हता त्यांना आज पाणी मिळते, पण सर्वांत शेवटचे आणि सर्वांत घाण मिळते. सोवळे गेले, सोवळ्याने आखलेला नकाशा तसाच राहिला. तो नकाशा बदलणे म्हणजे १९२७चे काम पुढे नेणे होय, आणि त्याची सुरुवात वस्तीतील शेवटच्या नळापाशी, पाणी सुटण्याच्या वेळी, हातात वही घेऊन करावी लागेल.